चौदातलं भूत

सरांच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली पाहिली आणि माझ्या हातातला डबा पडता पडता राहिला.

गुरुवारची सकाळ होती, साडेआठची वेळ. पहिल्या मजल्यावर अजून कुणीच आलेलं नव्हतं. खोली क्रमांक चौदा, त्याखाली पितळी पाटी, 'डॉ. विश्वंभर आठल्ये', आणि पाटीच्या बरोब्बर मधोमध काळ्या दोऱ्यात ओवलेलं टपोरं लिंबू, सात मिरच्या आणि एक बिब्बा. उंबऱ्यावर राखेची रेघ. राहुकाळ बघून व्याख्यानाची वेळ बदलायला सांगणाऱ्या एका पाहुण्या प्राध्यापकाला ज्यांनी भर सभागृहात "तुमच्या घड्याळात किती ग्रह बसतात?" असं विचारलं होतं, त्यांच्या दारावर हे!

"मावशी!" मी हाक मारली.

भागीरथीमावशी व्हरांड्याच्या टोकाला फरशी पुसत होत्या. मूळच्या भोरकडच्या, अकरा वर्षं हा मजला त्यांच्या ताब्यात. त्या ओठांवर बोट ठेवूनच आल्या.

"हळू बोला ताई. जागं हुईल."

"काय जागं होईल?"

"आता मलाच इचारताय? मंगळवारी तुमीच न्हाई का म्हनालात त्या उल्काताईला, 'सरांच्या चौदात भूत आहे' म्हून? या कानानं ऐकलं म्या. तवापास्नं बघतीया, सायेबांचं जेवनावर ध्यान न्हाई. आतून कडी घालत्यात आन् येकटंच बडबडत्यात, 'गेलं कसं नाही, गेलं कसं नाही.' कोन जायचं ऱ्हायलंय आत, सांगा बरं?"

मावशींनी ऐकलं ते अक्षरशः खरं होतं. मी तसंच म्हणाले होते. फक्त माझा चौदा म्हणजे खोली नव्हती, समीकरण होतं.

हे एक्क्याण्णव सालचं. मी सव्वीस वर्षांची, कालिंदी गवाणकर, मुक्काम पोस्ट सावंतवाडी, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. बाबांचं निर्वाणीचं पत्र आलेलं होतं. मेपर्यंत पदवी हातात पडली तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं. बाबा एकदा बोलले की बोलले. माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा उभा होता सरांच्या सिद्धांतावर.

तो सिद्धांत गुरुत्वाकर्षणाचा. पाऊणशे वर्षं सगळ्या कसोट्यांना उतरलेलं गुरुत्वाकर्षणाचं एक गणित आहे. पण दीर्घिका फिरतात कशा हे त्याला सांगायचं झालं तर न दिसणारं पुष्कळसं द्रव्य गृहीत धरावं लागतं. सरांचं म्हणणं असं, की द्रव्य कशाला शोधत बसता, गणितातच एक पद वाढवा, म्हणजे लांबवर गुरुत्वाकर्षण जरा वेगळं वागेल. आता पद वाढवायला काय, कुणीही वाढवेल. वाढवल्यावर सिद्धांत धड राहतो का, ही खरी परीक्षा. अशा सिद्धांतांना जो रोग हमखास होतो त्याला जगभरच्या शास्त्रज्ञांनी नावच भूत ठेवलं आहे. म्हणजे असा एक तरंग, की जो जितका जोरात हलेल तितकी त्याची ऊर्जा उण्यात जाते. धावेल तितका ताजातवाना होणारा बैल समजा. असं एक जरी भूत गणितात शिरलं, तर रिकामी पोकळीसुद्धा काही कारण नसताना उकळू लागते आणि क्षणात सगळ्या विश्वाचा धुरळा. आपण अजून शाबूत आहोत, त्याअर्थी भुताटकीचा सिद्धांत खोटा.

सरांनी सोळा वर्षांपूर्वी छापून टाकलं होतं की आपल्या सिद्धांतात भूत नाही, 'तपशील पुढे देऊ'. तो पुढे काही आला नव्हता. आता सर निवृत्त होणार होते. शनिवारी त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं, बंगलोर-कलकत्त्याहून माणसं यायची होती, आणि त्यात तो तपशील एकदाचा जाहीर व्हायचा होता. तो तपशील काढायचं काम माझं.

मी काढला. तीनदा काढला. तिन्ही वेळा भूत आलं.

शेवटचं उत्तर म्हणजे दोन तुकड्यांचा गुणाकार. पहिला तुकडा चौदाव्या समीकरणापाशी संपायचा, दुसरा तिथून पुढे. गुणाकाराचं चिन्ह अधिक आलं तर सिद्धांत ठणठणीत, उणे आलं तर भूत. माझा पहिला तुकडा उणे येत होता, दुसरा अधिक. शाळेतल्या पोरालाही कळेल की गुणाकार उणे.

सोमवारी सर म्हणाले, "पहिला तुकडा माझ्या वहीत आहे, चौदापर्यंतचा. तू तुझा दुसरा तेवढा दे. मी जोडतो."

ती हिरव्या कापडी बांधणीची वही कपाटात कुलपात असायची. आम्ही कुणी ती कधी उघडी पाहिलेली नव्हती. पण सरांचा पहिला तुकडा उणेच असणार, यात मला शंका नव्हती. सर चुकत नसत. म्हणजे मी दुसरा तुकडा जसाच्या तसा दिला असता तर सरांच्या हातूनच भूत उभं राहिलं असतं, शनिवारच्या व्याख्यानाला पाच दिवस असताना. सोळा वर्षांचं काम गेलं असतं, आणि त्यामागून माझा प्रबंध आणि मे महिना.

मी पेन काढलं आणि माझ्या तुकड्याच्या आधी एक आडवी रेघ मारली. अधिकाचं उणे झालं. 'ध'चा 'मा' करायला याहून कमी शाई लागत नाही. आता उणे गुणिले उणे अधिक. शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'म्हणून हा सिद्धांत भूतमुक्त आहे', आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवून आले. मंगळवारी मात्र राहवेना. माझी मैत्रीण उल्का धोंगडे, ताऱ्यांवर काम करणारी, तिला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "सरांच्या चौदात भूत आहे गं."

"मग सांग की त्यांना."

"मी काय वेडी आहे?"

आडव्या रेघेचं मी उल्कालाही सांगितलं नाही. मावशी तेव्हा मागे खिडकीचे गज पुसत होत्या.

"मावशी, काढा ते आधी," मी म्हणाले. "सर येतील."

"काढता येत न्हाई ताई. शनवारपतूर हात लावायचा न्हाई त्याला."

"अहो, शनिवारी त्यांचं व्याख्यान आहे!"

"म्हूनच म्हनते."

एवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. सर दारापाशी आले, थांबले. लिंबाकडे पाहिलं, मिरच्या मोजल्यासारखं केलं. दोन दिवसांची दाढी वाढलेली होती आणि सदऱ्याचं एक बटण चुकलं होतं. मावशींचं निदान अगदीच काही वाऱ्यावरचं नव्हतं.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझा जी," मावशींनी पदर खोचला. "पर ठावं ताईस्नी व्हतं. चौदात भूत हाय म्हनल्या. मंगळवारीच."

सरांनी सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं.

"मंगळवारी," ते म्हणाले. "आत या, गवाणकर."

सर मला एरवी अरे-तुरे करत. अहो-जाहोवर आले की समजावं, काही खरं नाही. राखेची रेघ ओलांडून मी आत गेले. फळ्यावर दोन तुकड्यांचा गुणाकार मांडला होता आणि खाली उणे चिन्हाभोवती इतक्या वेळा गोल काढला होता की खडू फळ्यात रुतायचा बाकी होता.

"हा तुमचा तुकडा," सर म्हणाले. "हा माझा. जोडले, भूत उभं राहिलं. आणि खाली तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात, 'म्हणून हा सिद्धांत भूतमुक्त आहे.' हे 'म्हणून' कुठून आलं?"

"असं कसं होईल, सर?" मी खरोखरच चक्रावले. "मी तर—"

आणि जीभ चावली.

"मी तर काय?"

"काही नाही."

"मी तर काय, गवाणकर?"

"मी तर ते घालवलं होतं," मी म्हणाले.

सर खुर्चीवर बसले. "कसं घालवलंत?"

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगितली पाहिजे. कुठलं चिन्ह अधिक धरायचं आणि कुठलं उणे, यावरून आमच्यात दोन पंथ आहेत, आडव्या गंधाचे आणि उभ्या गंधाचे म्हणा ना. दोन्ही बरोबर, फक्त एकदा धरला तो पंथ शेवटपर्यंत सोडायचा नाही. त्यामुळे कुठलंही चिन्ह चुकलेलं सापडलं की आम्ही सगळे एकच मंत्र म्हणतो.

"पद्धतीतला फरक असेल, सर," मी तो म्हटला.

सर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी दारातून डोकावून, कपाळाला हात लावून गेल्या.

"एक आडवी रेघ मारली," मी शेवटी म्हणाले. मला रडू येत होतं. "माझ्या तुकड्याआधी."

"आणि तरी भूत आलं. विचार कर, का आलं."

विचार करायला फार वेळ लागला नाही. माझा तुकडा मी उणे केला होता. गुणाकारही उणेच आला होता. म्हणजे सरांचा तुकडा...

"सर, तुमचा चौदावा अधिक आहे?"

त्यांनी हिरवी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पान पिवळं पडलेलं. चौदावं समीकरण निळ्या शाईत होतं. त्याच्या आधीचं चिन्हही निळ्या शाईत, आडव्या रेघेचं, स्वच्छ उणे. आणि त्या रेघेवर काळ्या शाईत मारलेली एक उभी रेघ.

मी वहीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, पुन्हा वहीकडे. बाहेर बादलीचा आवाज झाला.

"पंच्याहत्तर साली," सर म्हणाले. "लेख दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. संध्याकाळी भूत दिसलं. म्हटलं, पद्धतीतला फरक असेल, मग निवांत बघू. आणि मग सोळा वर्षं ते पान उघडलं नाही. तुला हा प्रश्न का दिला, माहितीय? माझी छाती नव्हती म्हणून. म्हटलं, ही सावंतवाडीची पोरगी फटकळ आहे, हिला भूत दिसलं तर येऊन तोंडावर सांगेल. तर तू निघालीस खाण तशी माती." त्यांनी नाक शिंकरलं. "दोन दिवस बसलोय इथे. तुझ्यावर ओरडायचं तर वही दाखवायला लागते. नाही ओरडायचं तर शनिवारी खोटं बोलायला लागतं. मी खोटं बोललो होतो तोवर भूत गप्प होतं. तूही बोललीस आणि खरं बाहेर पडलं. उणे उणे अधिक! सातवीच्या पुस्तकातला नियम."

"आणि माझी पदवी, सर?" लाज वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त वाटत होती. "बाबांनी मे म्हटलंय."

"मे विसर. 'नाही' हेसुद्धा उत्तर असतं, कालिंदी. असं पद कुठल्याही रीतीने वाढवलं तरी भूत येतंच, हे सिद्ध कर. माझ्या एका सिद्धांताचं नव्हे, सगळ्या जातीचं. तो खरा प्रबंध." मग त्यांचा चेहरा जरा उजळला. ओळखीचा खट्याळपणा परत आला. "भागीरथीबाई! अहो, आत या. तुमचं निदान बरोबर आहे, फक्त जागा चुकली. भूत खोलीत नाही, इथे आहे." आणि त्यांनी वहीतल्या चौदाव्या समीकरणावर बोट ठेवलं.

मावशी वाकून बघायला लागल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण खाडाखोड कळत होती.

"ह्यो काळा दांडा मागनं मारल्याला दिसतोय," त्या म्हणाल्या.

"बघ," सर मला म्हणाले. "तीन वर्षं लागली नाहीत यांना."

"कागदावरचं भूत लई वंगाळ, सायेब. पुस्तक मिटलं तरी जात न्हाई." मावशींनी कमरेची कुंकवाची डबी काढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि बोटाने चौदाव्या समीकरणातल्या पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर कुंकू टेकवलं. सरांनी हात जोडले. चेष्टेने जोडले की मनापासून, हे मला तेव्हाही कळलं नाही.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. सर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "माझ्या सिद्धांतात भूत आहे." मग सोळा वर्षांपूर्वीच्या उभ्या रेघेची सगळी हकिकत त्यांनी सांगितली, काही न झाकता. शेवटी ते म्हणाले, "हे भूत पकडलं माझी विद्यार्थिनी कालिंदी गवाणकर हिने. तिचं अभिनंदन करा."

टाळ्या सुरू झाल्या. लोक वळून बघायला लागले. उल्काने माझ्या पाठीवर थाप मारली. सरांनी मला पाठीशी घातलं होतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवून मला नुसतं हसायचं होतं. तेवढं केलं असतं तर आज मी हे सांगत बसले नसते. पण टाळ्या चालूच राहिल्या, आणि मला त्या ऐकवेनात. मी उभी राहिले.

"सरांनी उभी रेघ मारली," मी म्हणाले. "मीही मारली. आडवी. गेल्या सोमवारी. भूत मला दिसलं होतं, पण मी ते पकडलं नाही. लपवलं."

टाळ्या विरल्या. पहिल्या रांगेतले कलकत्त्याचे म्हातारे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "मग पकडलं कुणी?"

सरांनी मागच्या दाराकडे हात केला. तिथे भागीरथीमावशी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"त्या बाईंनी," सर म्हणाले. "दाराला लिंबू टांगून."

हशा इतका झाला की मावशींच्या हातातले कप वाजायला लागले. त्या हशात मीही होते, आणि गेल्या सोमवारनंतर पहिल्यांदा मला पोटभर हसू आलं.

पदवी मेमध्ये मिळाली नाही. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात मिळाली. बाबा चार महिने बोलले नाहीत, नंतर बोलले. त्या सिद्धतेवर सरांनी आणि मी लिहिलेल्या निबंधाच्या शेवटी आभारांत भागीरथीबाई मालुसरे यांचं नाव आहे, 'वेळेवर केलेल्या उपायाबद्दल'. संपादकाने उपाय कोणता म्हणून पत्र पाठवलं होतं. सरांनी उत्तर दिलं, 'पारंपरिक.'

सर गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. हिरवी वही माझ्याकडे आली. तिच्यात ती काळी उभी रेघ खोडलेली आहे आणि चौदाच्या खाली सरांच्या अक्षरात एक ओळ आहे, 'इथे मी घाबरलो.' तिच्याखाली माझी, 'मीही.' नवा विद्यार्थी आला की मी त्याला हाच प्रश्न देते आणि महिनाभराने वही बघायला देते. दोन्ही ओळींवर मी एक कागद टाचून ठेवते.

गेल्या आठवड्यात रेवणसिद्ध आला, सोलापूरचा, अबोल मुलगा. दोन दिवस झोपला नसावा.

"मॅडम, माझ्या गणितात भूत येतंय. पण सरांच्या वहीत चौदाव्यात पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब आहे."

आमच्यात अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की त्याचा अर्थ होतो, ही गोष्ट काळाबरोबर बदलते आहे. टिंबाने सगळं समीकरण बदलतं.

"मी ते टिंब धरून पुढचं सगळं करून बघितलं," तो म्हणाला. "मॅडम, भूत जातं!"

मी पदराने तोंड झाकलं. अकरा वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईचा उतारा तीस वर्षांनी लागू पडला होता.

"मग? धरायचं का टिंब?" मी विचारलं. "भूत गेलं तर तुझा प्रबंध याच वर्षी होतो."

त्याने वहीची पानं मागेपुढे चाळली. त्याच्या घरीही कुणीतरी वाट बघत असणार. मला त्याचं ओझं दिसत होतं.

"नाही, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "कितीही वेळा केलं तरी ते टिंब माझ्या गणितातून येत नाही. ते नुसतं वहीत आहे. भूत आहे."

मी टाचणी काढली आणि कागद बाजूला केला. त्याने दोन्ही ओळी वाचल्या. मग पुन्हा टिंबाकडे बोट केलं.

"मग हे काय आहे?"

"कुंकू," मी म्हणाले. "बस. चहा सांगते."